विद्यादान आणि वर्गणीची वही

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही काही इतिहासविषयक लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा शहाजीराजांचे बेंगळूर हाच विषय प्रथम मनात आला. घरापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाला तो सुखावतो आणि त्यावर लिहिणेही सोपे असते. परंतु त्याच सुमारास कार्यकारिणीच्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि त्याने आमचा विषय बदलून टाकला. महोत्सवासाठी जो निधी जमत आहे, त्याचे पुढे काय करावयाचे, हा तो प्रश्न. काही सभासदांच्या मते मंडळाचे स्वतःचे सभागृह उभारण्याच्या दिशेने ही रक्कम ठेवावी. इतर काहींचे म्हणणे असे की, चामराजपेटेत आपण मुलांसाठी जो सायंकाळचा कलावर्ग चालवीत होतो आणि जो बंद पडला, तो प्रथम पुन्हा सुरू करावा. दोन्ही पक्ष मंडळाच्या हिताचेच बोलत होते. म्हणून या वादात भर घालण्याऐवजी, आपल्याकडे कलाशिक्षणाला पैसा कोठून आला, कसा टिकला आणि कसा आटला, याचा थोडा मागोवा घ्यावा असे आम्ही ठरविले.

वर्गाची हकीकत नव्या सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. शाळा सुटल्यानंतर, आठवड्यातून तीन दिवस, भाड्याच्या एका खोलीत गायन, तबला आणि चित्रकला शिकविली जात असे. येणारी मुले घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलणारी. त्यांच्यापैकी पुष्कळांनी अभंग प्रथम ऐकला तो या खोलीत. वर्ग बंद पडला तो मुले नव्हती म्हणून नव्हे, की आपसात काही बिनसले म्हणूनही नव्हे. गायन शिकविणाऱ्या गुरुजींचे मानधन तीन महिने थकले. दोन बस बदलून ते येत. त्यांनी पैसे एका शब्दानेही मागितले नाहीत. एके दिवशी, आता प्रकृतीला झेपत नाही, एवढेच सांगून त्यांनी येणे थांबविले. मंडळाने पुढे थकलेली रक्कम पोचती केली. पण तोपर्यंत मुले पांगली होती. केंद्र सरकारच्या नोकरीत आमचा जन्म गेला, तेव्हा अनुदानाचा अर्ज आम्हीच लिहावा असे पूर्वी ठरले होते. आम्ही तो लिहिला आणि तो परत आला. तीन वर्षांचे तपासलेले हिशेब जोडावयाचे होते, ते मंडळाजवळ नीट तयार नव्हते आणि आम्ही ते आधी पाहिले नव्हते. इतरांच्या अर्जांवर त्रुटींचे शेरे मारणाऱ्याच्या हातून ही चूक व्हावी, याची लाज आजही वाटते.

आता इतिहासाकडे वळू. कलेला आश्रय म्हटला की आपल्याला राजदरबार आठवतो आणि त्यात चूक नाही. सतराव्या शतकात हे बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यांच्या येथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' या काव्यात केले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ते संपादून प्रसिद्ध केले. अनेक भाषांतील कवी त्या दरबारात आपापली रचना ऐकवीत, असे चित्र त्यात दिसते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरास राज्य स्थापिले आणि तेथे संगीत, नृत्य, नाट्य व ग्रंथसंग्रह यांना जो आश्रय मिळाला, त्याची साक्ष सरस्वती महाल आजही देतो. परंतु १८५५ साली तंजावरच्या शेवटच्या राजामागे पुत्र नाही, या कारणावरून राज्य खालसा झाले आणि आश्रयाचा झरा आटला. कलावंतांना मद्रास, म्हैसूर, त्रावणकोर अशा वाटा धराव्या लागल्या. १८८० साली तंजावरची राजकन्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची राणी झाली, तेव्हा तिच्याबरोबर तेथील नृत्यांगना आणि वादकही बडोद्यास गेले. कला जगली खरी; पण एका घराण्याचा वंश खुंटला की तिला दुसऱ्या घराण्याच्या दारी जावे लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याहून वेगळ्या वाटा दिसू लागतात. मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले आणि त्यातून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. तिचा कारभार पुढे सरकारने पाहिला. एका धनिकाचे मोठे दान आणि सरकारचा हात, हा एक मार्ग. बडोद्यास १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांनी मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा काढली. पैसा राजाचा, पण शिक्षण प्रजेच्या मुलांना, हा दुसरा मार्ग. पुण्यास बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे यांच्या पुढाकाराने १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला होता आणि सुशिक्षित गृहस्थांनी एकत्र येऊन संगीताचा सांभाळ करावा, हा तिसरा मार्ग त्याने दाखविला. आपल्या बेंगळुरातही १९०५ साली गायन समाज निघाला आणि तो शंभर वर्षे ओलांडून आजही उभा आहे.

या तिसऱ्या मार्गावर सर्वांत दूर जो गेला आणि ज्याच्या यशापयशातून आपल्याला सर्वाधिक शिकता येईल, तो पुरुष म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडास त्यांचा जन्म झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूचा स्फोट होऊन त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, शालेय शिक्षण खुंटले आणि ते मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गायन शिकू लागले. मिरजेच्या संस्थानिकांची त्यांच्यावर कृपा होती. मात्र एका समारंभाचे आमंत्रण आपल्याला आले आणि आपल्या गुरूला आले नाही, हे त्यांच्या मनाला फार लागले, अशी हकीकत सांगितली जाते. ते काही असो. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. शिकविणाऱ्याचा मान राखला जात नसेल तर ते शिक्षण पांगळे, हे त्यांनी आयुष्याच्या आरंभीच ओळखले होते.

पुढे बडोदा, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा असा प्रवास त्यांनी केला. काठेवाडात माफक तिकीट लावून त्यांनी जाहीर मैफल केली. दरबारी किंवा देवळातच ऐकावयाचे गाणे चार आण्यांच्या माणसाने स्वतःच्या पैशाने ऐकावे, ही कल्पना त्या काळी अगदी नवी होती. तिकिटाने गवयाची प्रतिष्ठा कमी होते असे अनेकांना वाटे. पलुसकरांना नेमके उलटे दिसले: इनामाची वाट पाहणाऱ्या गवयापेक्षा तिकिटाचे पैसे घेणारा गवई अधिक स्वतंत्र असतो.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. दूरदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी येथे क्षणभर थांबावे. मराठी मुलूख शेकडो कोस मागे राहिलेला, भाषा वेगळी, हवा वेगळी, ओळखीपाळखी नव्याने जमवावयाच्या. अशा ठिकाणी एका कृष्णाकाठच्या माणसाने शाळा काढली, तीही कोणा राजाच्या आधारावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या मैफलींच्या मिळकतीवर. आरंभी शिष्य फारसे येत नसत, असे सांगतात. गाणे हे कुलीन घरातील मुलांनी शिकण्याजोगे आहे, हेच लोकांना पटवावे लागत होते. म्हणून त्यांनी शृंगारिक पदांच्या जागी भक्तिपदे योजली, वर्गांना वेळापत्रक आणि परीक्षांना शिस्त लावली, स्वरलिपी बसविली, पाठ्यपुस्तके लिहिली, स्वतःचा छापखाना काढला आणि 'संगीतामृत प्रवाह' हे मासिक चालविले. स्त्रियांसाठीही वर्ग सुरू केले. फी देऊ शकणारे विद्यार्थी फी देत. जे देऊ शकत नसत, त्यांच्यापैकी होतकरू मुलांना उपदेशक वर्गात घेऊन अन्न, निवारा आणि विद्या विनामूल्य दिली जाई आणि त्याबदल्यात त्यांनी ठरावीक वर्षे संस्थेत राहून शिकावे व शिकवावे असा करार असे.

१९०८ साली त्यांनी मुंबईस महाविद्यालयाची शाखा काढली. काम वाढत गेले. पुढे सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची मोठी इमारत उभी राहिली. तेथे वर्ग होते, विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते, छापखाना होता. आपल्या मंडळातील सभागृहाचे पुरस्कर्ते जे स्वप्न पाहतात, ते पलुसकरांनी शतकापूर्वी प्रत्यक्षात आणले होते. परंतु ती इमारत कर्जावर उभी होती. कर्जाचे हप्ते भागविण्यासाठी पंडितजींना गावोगाव दौरे करावे लागत. पुढे त्यांचा ओढा रामभक्तीकडे अधिक वळला. १९२२ साली नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापिला. मैफली कमी झाल्या, मिळकत घटली. व्याजाचा आकडा मात्र थांबला नाही. अखेर १९२४ च्या सुमारास ती वास्तू सावकारांच्या देण्यापोटी लिलावात गेली. ज्या दालनांत शेकडो मुलांनी षड्ज लावला, ती दुसऱ्याच्या मालकीची झाली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस पंडितजींचे देहावसान झाले.

हिशेबाच्या वहीत पाहिले तर हे अपयश आहे. परंतु इतिहासाची वही निराळी असते. इमारतीवर घातलेला पैसा बुडाला. मुलांच्या अन्नावर आणि शिक्षणावर घातलेला पैसा बुडाला नाही. प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली मुंबईस आपले संगीत विद्यालय काढले. पंडितजींच्या निधनाच्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज 'प्रारंभिक'पासून 'अलंकार'पर्यंतच्या ज्या परीक्षांना देशभरातील मुले बसतात, त्या याच मंडळाच्या होत. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीस. ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. देवधर मास्तरांच्या वर्गात आपल्या बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा एक कन्नड मुलगा लहान वयात दाखल झाला आणि पुढे कुमार गंधर्व या नावाने सारा देश त्याला ओळखू लागला.

याहूनही बोलका दाखला पंडितजींच्या घरातलाच आहे. त्यांचे पुत्र दत्तात्रेय वडिलांच्या मृत्यूसमयी अवघे दहा वर्षांचे होते. त्यांना वारसा म्हणून इमारत मिळाली नाही. मिळाले ते वडिलांचे शिष्य. विनायकबुवा आणि नारायणराव व्यास यांनी गुरुपुत्राला घडविले आणि तोच दत्तात्रेय विष्णु पलुसकर म्हणून रसिकांच्या हृदयात बसला. १९५५ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी तो गेला, तरी त्याचे गाणे गेले नाही. गुरूने शिष्यांना फुकट जेवू घातले, त्याची परतफेड शिष्यांनी गुरूच्या पश्चात अशी केली. ही नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही.

या निष्कर्षाविरुद्ध एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पंडित भातखंडे यांनी वेगळा मार्ग धरला. १९१६ ची बडोद्याची संगीत परिषद, १९१८ चे ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय, १९२६ चे लखनौचे मॅरिस महाविद्यालय, ही सारी कामे संस्थानिक आणि सरकार यांच्या साहाय्याने झाली आणि टिकली. तेव्हा राजाश्रय वा सरकारी साहाय्य निष्फळच असते, असे म्हणता येणार नाही. पण ज्या मंडळाजवळ भातखंड्यांसारखा विद्वान नाही, ज्याचे काम एका खोलीत वीस-पंचवीस मुलांपुरते आहे, त्याला लखनौचा कित्ता गिरविता येत नाही. त्याच्या आवाक्यातला कित्ता लाहोरचाच.

आपण ज्या कर्नाटकात राहतो तेथेही हा मार्ग अनेकांनी चोखाळला. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ साली पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले आणि मुख्यतः स्वतःच्या जलशांच्या मिळकतीवर ते चालविले. कुंदगोळच्या सवाई गंधर्वांचे ते गुरू. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई यांनी अंध आणि निराधार मुलांना संगीत शिकविले. मिरजेच्या नीलकंठबुवांकडे त्यांनी हिंदुस्थानी गायनाचे धडे घेतले होते. आश्रमाच्या खर्चासाठी त्यांची नाटक मंडळी गावोगाव खेळ करी आणि लोक जोंधळे, भाजीपाला, पैसे, जे असेल ते देत. त्यांच्यामागे पुट्टराज गवई यांनी २०१० साली आपल्या निधनापर्यंत ते व्रत चालविले.

खुद्द चामराजपेटेकडे पाहू. चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने १८९२ साली वसलेल्या या वस्तीत आर. कल्याणम्मा या बाईंनी १९३८ मध्ये 'मक्कळ कूट', म्हणजे मुलांचा मेळा, ही संस्था काढली. मुलांनी शाळेच्या तासांपलीकडे गावे, नाचावे, वाचावे, खेळावे, हा तिचा उद्देश. लहान वयात वैधव्य आलेल्या या बाई 'सरस्वती' नावाचे मासिक स्वतः चालवीत. त्यांच्या पाठीशी ना संस्थान होते, ना पेढी. तिच्या जागेवरून तेथील चौकालाच आज मक्कळ कूट म्हणतात. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, येथे रामसेवा मंडळी स्थापन झाली. फोर्ट हायस्कूलच्या पटांगणावर मांडव घालून रामनवमीच्या दिवसांत तिने जो संगीतोत्सव चालविला, तो लोकांच्या वर्गणीवर आणि तिकिटांवर चालला आणि त्याची कीर्ती देशभर गेली. आपल्या कन्नड शेजाऱ्यांनी याच गल्ल्यांत जे करून दाखविले, ते आपल्याला अशक्य आहे असे म्हणण्यास आम्ही धजत नाही.

कोणी विचारील, आता तर सरकार आहे, मग वर्गणी कशाला? सरकारी साहाय्य घ्यावे, अवश्य घ्यावे. दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र १९८२ पासून १० ते १४ वर्षांच्या गुणी मुलांना कलाशिक्षणासाठी शिष्यवृत्ती देत आले आहे. गुरु-शिष्य परंपरेसाठी संस्कृती मंत्रालयाची योजना आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शिष्यवृत्ती निवडलेल्या मुलाला मिळते, वर्गाला मिळत नाही. आणि आधी वर्ग असेल तरच निवडण्याजोगे मूल तयार होते. दुसरी गोष्ट आम्ही नोकरीतील अनुभवाने सांगतो: अनुदान हे मंजुरी, हिशेब, उपयोगिता प्रमाणपत्र या पायऱ्या चढून येते. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत ते तसेच असावे. परंतु शिक्षकाच्या घरची चूल महिन्याच्या महिन्याला पेटावी लागते. म्हणून अनुदानावर वर्ग वाढवावा. अनुदानावर वर्ग सुरू करू नये.

तेव्हा आमचे निवेदन असे. मंडळाच्या १०० कुटुंबांनी दरमहा २०० रुपये दिले, तर वर्षाला २,४०,००० रुपये होतात. दोन शिक्षकांना दरमहा प्रत्येकी ८,००० रुपये दिले, तर १,९२,००० रुपये लागतील. उरलेल्या ४८,००० रुपयांत कागद-रंग, तबल्याची पुडी, पेटीची दुरुस्ती आणि भाड्याचा काही भाग निघेल. भाड्याची तूट विद्यार्थ्यांच्या फीमधून भरावी. ज्याला फी झेपत नाही त्याच्याकडून ती घेऊ नये आणि त्याचे नाव सचिवांखेरीज कोणाला कळू नये. महोत्सव निधीतील एक वर्षाच्या मानधनाइतकी रक्कम बाजूला ठेवावी आणि वर्गणी कमी पडेल त्या महिन्यातच तिला हात लावावा. मानधन महिन्याच्या पाच तारखेच्या आत पोचावे, मग इतर कोणतेही देणे राहिले तरी चालेल. हिशेब दरवर्षी तपासून छापावा. म्हणजे पुढील अर्ज लिहिणाऱ्यावर आमच्यासारखी वेळ येणार नाही. वर्ग केवळ मराठी मुलांसाठी न ठेवता शेजारच्या कन्नड, तमिळ, उर्दू घरांतील मुलांसाठीही खुला असावा. लाहोरच्या विद्यालयात पंजाबी मुले आली नसती, तर ते विद्यालय झालेच नसते.

सभागृहाला आमचा विरोध नाही. वर्गातून शिकलेली मुले मोठी होऊन ते बांधतील, अशी आमची श्रद्धा आहे. सभागृह बांधले म्हणून मुले आपोआप शिकतील, असे मात्र इतिहासात कोठे आढळत नाही. मंडळाची पेटी सध्या आमच्या घरी, गवसणीत ठेवलेली आहे. पावसाळ्यात तिचे दोन स्वर दबू लागले होते; गेल्या महिन्यात आम्ही ती दुरुस्त करून आणली. वार्षिक सभेत वर्गणीची वही फिरेल तेव्हा पहिली ओळ आमची असेल. त्या गुरुजींकडे जाऊन त्यांना पुन्हा बोलाविण्याचे कामही आम्हीच पत्करले आहे. ते येतील की नाही सांगता येत नाही. पण या वेळी जाताना पहिल्या महिन्याचे मानधन बरोबर न्यावे, एवढी परवानगी सभासदांनी द्यावी, ही विनंती.